पाउलू ब्रुस्की : पोस्ट, झेरॉक्स आणि इस्पितळातली यंत्रं

कागदीबाण (धागाकर्ता)

१९७६च्या ऑगस्टमध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहराच्या मुख्य पोस्टाच्या दालनात एक प्रदर्शन उघडलं आणि काही मिनिटांतच बंद पडलं. एकवीस देशांतून टपालाने आलेली तीनेक हजार कामं तिथे मांडलेली होती. पाकिटं, पोस्टकार्डं, रबरी शिक्के मारलेले कागद, कलाकारांनी घरीच छापलेली तिकिटं. लष्करी राजवटीचे दिवस. फेडरल पोलीस आले, दालन बंद केलं आणि प्रदर्शन भरवणाऱ्या दोघांना, पाउलू ब्रुस्की आणि दानिएल सांतियागो यांना, आत टाकलं. जागा खुद्द पोस्टखात्याने दिलेली होती, हे विशेष! जप्त केलेली कामं महिनाभर अडकून पडली आणि परत आली तेव्हा त्यातली काही पार खराब झालेली होती.

ब्रुस्कीची ही तिसरी अटक. पहिली १९६८ची, दुसरी १९७३ची. १३ डिसेंबर १९६८ला ब्राझीलच्या लष्करशहांनी 'एआय-५' नावाचा हुकूम काढला होता. संसद बंद, राजकीय गुन्ह्यांसाठी हेबियस कॉर्पस (अटकेला कोर्टात आव्हान देण्याचा हक्क) बंद, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. पुढची दहा वर्षं हा हुकूम लागू होता आणि ब्रुस्कीची सगळ्यात चांगली कामं याच दहा वर्षांतली आहेत.

माणूस १९४९चा, रेसिफेचाच. वडील फोटोग्राफर. स्वतः नोकरी केली ती सरकारी इस्पितळाच्या प्रशासनात. रेसिफे हे ब्राझीलच्या ईशान्येचं बंदर. कलेचा पैसा, गॅलऱ्या, समीक्षक हे सगळं दोनेक हजार किलोमीटर खाली, रिओ आणि साओ पाउलोत. ईशान्येतला हुशार मुलगा दक्षिणेला जातो, ही तिथली रीत. हा गेला नाही. या धाग्यात मला मांडायचंय ते एवढंच, की नोकरी न सोडणं आणि गाव न सोडणं या दोन गोष्टींनी त्याची कला घडवली. चित्रं विकून पोट भरायचं नव्हतं, त्यामुळे विकता येईल असं काही करायची सक्तीच उरली नाही. आणि जगाशी बोलायचं तर हाताशी होतं पोस्ट.

संग्रहालयं त्याला दृश्यकलावंत म्हणतात, तो स्वतःला कवीही म्हणवतो. हे 'कवी' प्रकरण जरा मागून सांगावं लागेल. ब्राझीलची काँक्रीट कविता बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते: १९५२मध्ये साओ पाउलोत आरोल्दो आणि आउगुस्तो दे कांपोस हे भाऊ आणि देसियो पिन्यातारी यांचा गट, मग १९५६च्या डिसेंबरातलं मोठं प्रदर्शन. शब्दांची पानावरची जागा, आकार, टाइप हाच कवितेचा आशय. ते सगळं फार चकाचक होतं, गणिती. त्यानंतर १९६७च्या डिसेंबरात 'पोएमा-प्रोसेसो' नावाची चळवळ निघाली, ती एकाच वेळी रिओत आणि ईशान्येतल्या नाताल गावात. व्लादेमिर दियास-पिनो, मोआसी सिर्ने ही त्यातली मंडळी. यांचं म्हणणं, कवितेत शब्द असलाच पाहिजे असं नाही, आणि कविता म्हणजे तयार वस्तू नव्हे. वाचकाने पुढे चालवायची, स्वतःची आवृत्ती काढायची ती एक कृती. १९६८च्या जानेवारीत यांनी रिओच्या म्युनिसिपल थिएटरच्या पायऱ्यांवर प्रस्थापित कवींची पुस्तकं जाहीरपणे फाडली. ब्रुस्की या चळवळीच्या वाऱ्यात वाढलेला.

पण त्याची खरी वंशावळ मला आणखी एका माणसात दिसते. व्हिसेंते दो रेगो मोंतेइरो. रेसिफेचा चित्रकार, पॅरिसला जाऊन-येऊन असायचा, कविता लिहायचा, हातछापाईच्या यंत्रावर स्वतः पुस्तकं छापायचा. अक्षरांची चित्रं करणाऱ्या कविता त्याने १९४०च्या दशकातच रेसिफेत छापल्या, म्हणजे साओ पाउलोच्या गटाच्या दहा वर्षं आधी. १९७०मध्ये वारला. ब्रुस्कीने त्याच्यावर पुस्तक लिहिलंय आणि त्यात त्याची ओळख कवी, टाइप जुळवणारा, चित्रकार अशी करून दिलीय. क्रम बघा.

आता रस्त्यावरची कामं. १९७२मध्ये एक शवपेटी कापिबारिबे नदीत सोडली. कलेची शवपेटी. १९७३चं काम मला जास्त आवडतं. शहराच्या मधोमध बोआ व्हिस्ता नावाचा पूल आहे. ब्रुस्कीने त्या पुलावर आडवी रिबन बांधली, उद्घाटनाला बांधतात तशी, आणि सुपर-८ हा छोटा फिल्म कॅमेरा घेऊन लांब उभा राहिला. गाड्या थांबल्या. लोक थांबले. रिबन तोडून कुणी पुढे जाईना. सगळे वाट बघत राहिले की कुणीतरी साहेब येईल, कात्री चालवेल, मग जाऊ. साधारण चाळीस मिनिटं वाहतूक खोळंबली. चाळीस मिनिटं! रिबन कापडाची, बोटाने बाजूला सारली तरी सरली असती. हुकूमशाहीत माणसं कशी वागतात याबद्दल लेख लिहिला असता तर तो सेन्सॉरने कापला असता. हा चित्रपट आजही आहे.

१९७८ला गळ्यात पाटी अडकवून रेसिफेभर फिरला आणि एका पुस्तकाच्या दुकानाच्या शोकेसमध्ये जाऊन उभा राहिला. पाटीवर: 'कला म्हणजे काय? तिचा उपयोग काय?' फोटोत दाढीवाला तरुण आहे, चेहऱ्यावर काहीही नाही, मागे पुस्तकं.

टपालकलेत, म्हणजे कलाकृती टपालानेच एकमेकांना धाडण्याच्या चळवळीत, तो आला १९७३च्या आसपास. न्यूयॉर्कच्या रे जॉन्सनने साठच्या दशकात सुरू केलेलं हे जाळं. नियम थोडके: निवड समिती नाही, फी नाही, आलेलं काम परत मिळणार नाही, पण भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांच्या नाव-पत्त्यांची यादी मिळणार. ही यादीच जाळं वाढवायची. फ्लक्सस या प्रयोगशील कलागटातले, जपानच्या गुटाई गटातले, पूर्व युरोपातले, सगळ्यांशी याचा पत्रव्यवहार. युरोप-अमेरिकेत हा बराचसा खेळ होता, दक्षिण अमेरिकेत नव्हता. अर्जेंटिनातल्या एदगार्दो आंतोनियो व्हिगोचा मुलगा १९७६मध्ये लष्कराने पळवला, तो परत आलाच नाही. उरुग्वेतल्या क्लेमेन्ते पादीनला १९७७मध्ये तुरुंगात टाकलं. जगभरच्या टपालकलावंतांनी त्याच्या सुटकेसाठी पत्रांचा मारा केला. ब्रुस्कीचा एक शिक्का होता, 'आज कला म्हणजे हे निवेदन'. त्या काळात कुणाच्या दारात असं पाकीट येऊन पडणं हीच मोठी बातमी होती: पाठवणारा अजून बाहेर आहे.

इस्पितळात नोकरी, म्हणून तिथली यंत्रं. डोक्याला इलेक्ट्रोड लावून घ्यायचे, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) काढायचा आणि त्या पट्टीला नाव द्यायचं 'माझा मेंदू असा काढतो' (चित्र या अर्थी). १९७६पासूनची मालिका. एक्स-रेही वापरले. झेरॉक्सच्या काचेवर तोंड, हात दाबून प्रती काढल्या आणि त्या प्रती एकेक फ्रेम करून त्यांचा चित्रपट केला, १९८०. त्याच वर्षी रेसिफे ते साओ पाउलो फॅक्सवरून चित्र धाडलं.

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती हा आणखी एक छंद. १९७७मध्ये रीतसर पैसे भरून जाहिरात: स्वप्नं चित्रित करणारं यंत्र, रंगीत किंवा कृष्णधवल, आवाजासह. सांतियागोबरोबर दुसरी: आकाशात कृत्रिम रंगीत अरोरा (ध्रुवाकडे दिसतो तसा प्रकाश) उभा करायचाय, प्रायोजक हवाय. घर विकणे आहे, मोलकरीण पाहिजे, यांच्यामध्ये छापलेली ही कविता. गद्यच आहे, पण माझ्या मते त्याची सगळ्यात चांगली कविता ही.

१९८१ला गुगेनहाइम फेलोशिप मिळाली, न्यूयॉर्कला गेला, आणि परत रेसिफे. तिथे त्याच सुमारास शहरातल्या होर्डिंगांवर जगभरच्या कलावंतांचं प्रदर्शन भरवलं. मग बरीच वर्षं बाहेरच्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. २००४च्या साओ पाउलो बिनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) त्याचा अख्खा स्टुडिओ, पुस्तकं, खोकी, कागदांच्या चवडी यांसकट रेसिफेहून उचलून आणून मांडला. २०१३ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन, २०१७ला व्हेनिस बिनाले. व्हेनिसला त्याने केलं काय, तर पॅकिंगची खोकी नेऊन रचली: 'कला ज्याला हवी तशी पॅक करावी' अशा अर्थाचं नाव. कल्पना १९७३ची.

सगळंच थोर आहे असं नाही. 'खात्री पटली : ही कला आहे' वगैरे शिक्के एकदा हसवतात, दहाव्यांदा नाही. आणि जे पाकीट फुकट द्यायला केलं होतं ते काचेखाली दिवे लावून बघताना माझं मन काही रमत नाही. पण रिबन आणि जाहिरात या दोन कामांसाठी मी याला शंभर गुन्हे माफ करीन.

---

खडीसाखर

मस्त धागा. वाचनखूण साठवली. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

---

तिरकस_काका

रिबन बांधून वाहतूक अडवणं ही कला असेल तर आमच्या चौकात गणपती ते दसरा रोज बिनाले भरते, तीही मांडवासकट. गुगेनहाइमचा पत्ता द्या कुणीतरी.

थट्टा सोडा. कवी म्हणता आहात, तर एक तरी कविता द्या ना. वाचता येईल अशी. शवपेटी आणि पाटी नको.

---

कागदीबाण

काका, मांडव घालणाऱ्याला रस्ता अडवायचाच असतो आणि परवानगीही असते. इथे रस्ता रिबनने अडवलेलाच नाही, लोकांनी अडवला. फरक तिथे आहे.

कविता: १९७७ची 'पोएझिया व्हिव्हा', म्हणजे जिवंत कविता. माणसांच्या अंगावर एकेक मोठं अक्षर. ती ओळीत उभी राहिली की नाव वाचता येतं. हलली, बसली, गप्पा मारायला वळली की अक्षरं विस्कटतात. तुम्हाला वाचता येईल अशी आहे, फक्त सगळ्यांनी जागेवर उभं राहिलं पाहिजे. :)

---

तिरकस_काका

आमच्या शाळेच्या संमेलनात 'सुस्वागतम्' असंच धरायचो. 'ग' नेहमी लघुशंकेला गेलेला असायचा.

---

अल्फालय

ईईजीबद्दल लिहितो, कारण माझं आयुष्य त्याच खोलीत गेलं. (तंत्रज्ञ, आता निवृत्त.)

त्या काळची यंत्रं शाईच्या पेनांची. बहुधा आठ किंवा सोळा चॅनेल, म्हणजे तितकी पेनं शेजारी शेजारी थरथरत असायची, आणि खालून घडीचा कागद सरकत जायचा. नेहमीचा वेग सेकंदाला तीस मिलिमीटर. वीस मिनिटांचा रेकॉर्ड काढला तर छत्तीस मीटर कागद. पेन तुंबलं की सुई घालून साफ करायचं आणि शाई हमखास बाहीला.

आता मुद्दा. 'माझा मेंदू असा काढतो' हे अर्धंच खरं आहे. शांत पडून डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात अल्फा लहरी येतात, सेकंदाला आठ ते तेरा, छान एकसारख्या. डोळे उघडले की त्या दबतात. इथवर मेंदू. पण माणसाने दात आवळले, कपाळाला आठ्या घातल्या, गिळलं, तर पेनं वेड्यासारखी नाचतात आणि कागद काळाकुट्ट होतो. ते सगळं स्नायूंचं. डोळा नुसता मिचकावला तरी पुढच्या चॅनेलमध्ये मोठा डोंगर उठतो. आम्ही त्याला कचरा म्हणायचो आणि पेशंटला दहा वेळा सांगायचो, जबडा सैल सोडा.

बघायला आलेल्या माणसाला त्या पट्टीतला जो भाग जोरकस, 'भावनेने भरलेला' वाटणार, तो बहुतेक जबड्याचा. आणि मेंदूचा खरा भाग अगदी कंटाळवाणा. कलाकाराला हे ठाऊक असणार असं मला वाटतं. इस्पितळात काम करणाऱ्याला तंत्रज्ञाने तेवढं सांगितलं असेलच.

---

कागदीबाण

काय प्रतिसाद आहे! आता त्या पट्ट्या पुन्हा बघाव्या लागणार, जबडा शोधत. आणि कल्पना न बिघडता उलट चढतेच की: चित्र काढायला हात लागत नाही असं म्हणायचं आणि दातांनी काढायचं.

---

रेघोट्या

धाग्यात न आलेली एक आपली बाजू. टाइप आणि कविता एका हातात असलेला माणूस आपल्याकडेही झाला, र. कृ. जोशी. साठ-सत्तरच्या दशकांत मराठीत काँक्रीट कविता केल्या त्या त्यांनी. जाहिरात क्षेत्रात नोकरी, मग पवईला आयआयटीत शिकवणं, आणि पुढे संगणकावरचा मंगल फॉन्ट त्यांचाच. इथे वर्षानुवर्षं विंडोजवर मराठी वाचलेल्या प्रत्येकाने एका काँक्रीट कवीचं अक्षर डोळ्यांखालून घातलेलं आहे.

अरुण कोलटकरही तसेच: जे. जे., मग जाहिरात, आणि कविता बाजूला चालूच. नोकरी माणसाला मोकळं करते हा धागाकर्त्याचा मुद्दा आपल्या कवींना अगदी लागू पडतो. लघुनियतकालिकांची चक्रमुद्रित पानंही त्याच काळातली, आणि तीही बाजारात जाण्याआधी मित्रांच्या पत्त्यांवर जायची.

पण एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा वाटतो. आपले हे कवी अक्षराच्या देखणेपणाला जपणारे होते. जोशींची रेघ बघा. ब्रुस्कीला देखणेपणाचं काही पडलेलं दिसत नाही. शिक्का तिरका बसला तर तिरका. मला स्वतःला जोशी जवळचे. झेरॉक्सवर तोंड दाबलेलं बघून मी फार काळ थांबत नाही.

---

सांजपक्षी

आणीबाणी आणि हे सगळं एकाच काळातलं, हे वाचताना सारखं डोक्यात येत होतं. १९७५-७७. आपल्याकडे अशी टपालकला का झाली नाही?

---

रेघोट्या

झालीच नाही असं म्हणायला मी धजणार नाही. पण एकवीस महिने आणि एकवीस वर्षं (१९६४ ते १९८५) यात फरक पडतोच. अशा सवयी लागायला वेळ लागतो.

---

हंशीलमाफ

पोस्टातून निवृत्त. आधी हे सांगतो, की अशी पाकिटं सॉर्टिंगला आली की आमचे दोन तट पडायचे. एक म्हणायचा, काय हा वेडेपणा, मशीनमध्ये जात नाही, हाताने शिक्का मारावा लागतो. दुसरा ते पाकीट बाजूला काढून सगळ्यांना दाखवायचा. परदेशातून आलेलं, घरी छापलेलं तिकीट लावलेलं पाकीट मी पाहिलं आहे. शेजारी खरं तिकीट पुरेसं असेल तर हरकत नाही, आपण फक्त खऱ्यावर शिक्का मारायचा. कधी शिक्का दोन्हींवर बसतो. पाठवणाऱ्याला बहुधा तेच हवं असतं!

एक विचारायचं होतं. पत्ता नसलेली पाकिटं त्याने टाकली का कधी? आमच्याकडे अशी पत्रं परतपत्र कार्यालयात जायची, जुने लोक डेड लेटर ऑफिस म्हणायचे. तिथे उघडून आत पाठवणाऱ्याचा पत्ता मिळतो का बघायचं.

---

कागदीबाण

टाकली, साहेब. 'सेम देस्तीनो' नावाची मालिका आहे, सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनची. जाण्याचं ठिकाण नाही असंच पाकिटावर. पोस्टाने त्यावर काय काय शिक्के उमटवले हेच मग काम. म्हणजे अर्धी कलाकृती तुमच्या खात्याने केलेली, मानधनाशिवाय.

---

हंशीलमाफ

मानधन राहू द्या. पण ज्या कारकुनाने ते पाकीट तीन टेबलं फिरवलं त्याचं नाव त्या काचेखाली असतं तर बरं वाटलं असतं.

---

तिरकस_काका

हे मात्र शंभर टक्के पटलं. सगळ्यांना कामाला लावायचं आणि सही आपली.

आणि दुसरं. सरकारी इस्पितळाचं ईईजी मशीन, सरकारी कागद, सरकारी वेळ. छत्तीस मीटर म्हणतायत वर. आपल्याकडे कारकुनाने ऑफिसचं झेरॉक्स मशीन खाजगी कामाला वापरलं तर मेमो मिळतो. तिकडे फेलोशिप?

---

पाउलिस्तानो_पुणेकर

कामानिमित्त साओ पाउलोत असतो, म्हणून थोडं. इथे ईशान्येच्या माणसाकडे बघण्याची जी नजर आहे ती बाहेरून कळत नाही. बांधकामावरचे मजूर, इमारतींचे दरवान, घरकामाच्या बायका, यातले कितीतरी लोक पेर्नाम्बुको (रेसिफेचं राज्य), बाहिया अशा ईशान्येच्या राज्यांतून आलेले, आणि त्यांच्या बोलण्याच्या ढबीची नक्कल हा इथला जुना विनोद. तेव्हा २००४ला रेसिफेच्या माणसाचा स्टुडिओ पसाऱ्यासकट उचलून इथल्या बिनालेत ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती. यजमानांनी पाहुण्याला बोलावलं नाही, घरच मागवलं. याला सन्मान म्हणायचं की अजून काही, माझं ठरत नाही.

रेसिफेला गेलोय. शहर नद्यांवर आणि पुलांवरच उभं आहे, कापिबारिबे आणि बेबेरिबे. पूल अडला की गाव अडलं. ब्रुस्कीने पूलच का निवडला हे तिथे उभं राहिल्यावर आपोआप कळतं. त्याचं आणखी एक काम आहे, दोन पुलांवर दोन गट उभे करून, अक्षरांच्या पाट्या धरून पाण्यावरून एकमेकांशी बोलायचं. ते पूल एकमेकांना दिसतात, आवाज मात्र पोचत नाही.

अवांतर: कार्निव्हलच्या शनिवारी निघणाऱ्या 'गालो दा माद्रुगादा' (पहाटेचा कोंबडा) या मिरवणुकीसाठी त्यातल्याच दुआर्ते कोएल्यो पुलावर प्रचंड मोठा कोंबडा उभा करतात. गाव तेव्हाही अडतं, पण नाचत. मिरवणूक १९७८ला सुरू झाली.

---

कागदीबाण

काकांच्या मेमोबद्दल. ब्रुस्कीने स्वतःच हा प्रश्न कलेत आणलाय, आणि फार मिस्कीलपणे. १९७८मध्ये पेर्नाम्बुकोच्या राज्य संग्रहालयाच्या अधिकृत कला प्रदर्शनाला त्याने पाठवलेला प्रस्ताव असा: संग्रहालयातल्याच एका कर्मचाऱ्याने आपलं टेबल-खुर्ची घेऊन प्रदर्शनाच्या दालनात बसायचं आणि कचेरीच्या वेळात रोजचं काम करायचं. नाव 'एस्पेदियेन्ते', म्हणजे कामकाजाची वेळ. बस. कागद सरकवणं, शिक्के मारणं, जेवायला उठणं, सगळं चित्रांच्या शेजारी, बघ्यांच्या देखत.

रोज इस्पितळात टेबलाशी बसणाऱ्या माणसाला हे सुचलंय, त्यामुळे मला त्यात कारकुनाची टिंगल दिसत नाही. हंशीलमाफ यांनी वर जे मागितलं, त्या कारकुनाला काचेत जागा द्या, ते इथे त्याने जवळजवळ केलेलं आहे. नावासकट नाही, हे मान्य.

---

तिरकस_काका

टेबलाशी बसलेला सरकारी कर्मचारी खरोखर काम करताना बघायला तिकीट लावलं तर आपल्याकडे रांग लागेल. हे काम मला आवडलं. बाकीच्यांबद्दल मत राखून ठेवतो.

---

अल्फालय

काका, छत्तीस मीटर म्हणजे मी पूर्ण वीस मिनिटं धरली. चित्रापुरतं दोन-तीन मिनिटं पुरतात. आणि कॅलिब्रेशनला आम्हीही कागद वाया घालवतच होतो, त्याला कुणी मेमो दिला नाही.

---

सांजपक्षी

मला एका गोष्टीवर अडायला होतंय. धागाकर्ते म्हणतात, नोकरी होती म्हणून विकायची सक्ती नव्हती. पण तुरुंगात तीनदा गेलेल्या माणसाची सरकारी नोकरी टिकणं ही सुद्धा नशिबाची गोष्ट आहे. पादीनसारख्यांच्या वाट्याला ते आलं नाही. 'गाव सोडलं नाही' हे अभिमानाने सांगता येतं, कारण गाव सोडायची वेळ आणली गेली नाही. त्या खंडातले किती लेखक-कलावंत त्या वर्षांत परागंदा झाले! त्यांना आपण नोकरी आणि गाव सोडणारे म्हणणार का?

---

कागदीबाण

नाही म्हणणार. तुमचं बरोबर आहे, आणि माझ्या मांडणीतला तो भाग मी आता इतक्या ठासून लिहिणार नाही. तरी एवढं म्हणतो, की १९८१नंतर त्याला न्यूयॉर्कमध्ये राहण्याची वाट खुली होती. तेव्हाचं परतणं हे त्याचं स्वतःचं. आणि परतल्यावर त्याने जे साठवलं, ते त्याचं एकट्याचं नव्हतं. जगभरातून आलेली हजारो पत्रं, पुस्तिका, चित्रपट रेसिफेतल्या एका घरात राहिले. ज्यांची घरं फोडली गेली, ज्यांनी देश सोडले, त्यांनी पाठवलेलं एखादं पाकीट तिथे सापडतं.

---

खडीसाखर

एवढं वाचून बघायची फार इच्छा झालीय. सुरुवात कुठून करू? पोर्तुगीज येत नाही.

---

कागदीबाण

पोर्तुगीज न येताही सत्तर टक्के कळतं. क्रिस्तिना फ्रेइरे यांचं २००६चं पुस्तक सगळ्यात नीट आहे, नुसती चित्रं बघायला मिळाली तरी घ्या. चित्रपट सगळे दोन-चार मिनिटांचे असतात. आधी रिबनवाला, मग 'झेरोपरफॉर्मन्स', म्हणजे झेरॉक्सच्या प्रतींचा तो १९८०चा. झेरॉक्सच्या काचेवर आग धरून प्रती काढलेला आणखी एक आहे, १९८०चाच. तो मात्र तिरकस काकांना दाखवू नका, मेमो टाइप करायला बसतील.

---

तिरकस_काका

टाइप झाला. तीन प्रती काढल्यात.